पेटीवरचं नाव

मावशी,

मी पिंपळगाव बसवंतजवळच्या एका खेड्यातली. नाशिकलाच इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केलं. गेली दोन वर्षं अंबड एमआयडीसीत स्विचगिअर (वीजप्रवाह जोडणारी-तोडणारी उपकरणं) बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगला आहे. पगार हातात 38 हजार. घरी साडेचार एकर द्राक्षबाग, आई-बाबा, आजी आणि अकरावीतला भाऊ.

अमेरिकेत एमएस करायला दोन ठिकाणांहून होकार आलाय. पहिलं विद्यापीठ असं, की नाव ऐकल्यावर पुण्याचे मामा खुर्चीतून उठलेच. दोन वर्षांचा सगळा खर्च धरून 95 लाख. त्यांनी फीमध्ये 5 हजार डॉलर सोडलेत, बाकी मदत नाही. बाबा 20 लाख उभे करतील, उरलेले 75 लाख कर्ज. बँक बाग तारण घेत नाही, म्हणून बाबांनी एका चांगल्या एक्स्पोर्टच्या वर्षी घेतलेला आडगाव शिवारातला एनए (बिगरशेती) प्लॉट ठेवायचा.

दुसरं विद्यापीठ तिकडच्या मधल्या भागातल्या एका राज्याचं, सरकारी. फी पूर्ण माफ. शिवाय एका प्राध्यापकांच्या लॅबमध्ये आठवड्याला 20 तास काम आणि त्याचे महिना 1,900 डॉलर. पण जागतिक यादीत ते चारशेच्या पुढे आहे. त्यांनी दहा दिवसांत उत्तर मागितलंय.

मामा म्हणतात, ‘नाव एकदाच विकत घेता येतं, पैसा पुन्हा मिळवता येतो.’ बाबा म्हणतात, ‘तू जा, प्लॉटचं मी बघतो.’ त्यांनी उतारासुद्धा काढून आणलाय. गेल्या साली एक व्यापारी आमचा आठ लाखांचा माल घेऊन पळाला, तरी ते असं म्हणतात. खरं सांगायचं तर मला ते पहिलं नाव हवंय. फुकट मिळतंय म्हणून खालचं घेतलं तर जन्मभर चुटपुट लागेल.

– द्राक्षवाल्याची लेक

*

लेकी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल होती. रेघ एकाच वाक्याखाली मारली गेली: ‘प्लॉटचं मी बघतो.’

माझं मत आधीच सांगते, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. दुसरीकडे जा. पण ते फुकट आहे म्हणून नव्हे. आणि त्यांना आजच्या आज ‘हो’ कळवू तर मुळीच नकोस, का ते पुढे येईल.

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण मी तुला ऐकवणार नाही. माझ्या पिढीतल्या निम्म्या मुलींचे पाय या एका म्हणीने आखूड करून ठेवले. त्यात मीही आले. बारावीनंतर मुंबईच्या एका नावाजलेल्या कॉलेजात माझा नंबर लागला होता. वडील म्हणाले, इथे फ्रीशिप मिळतेय ना, मग झालं तर. मला कुणी विचारलंही नाही. तू निदान विचारते आहेस आणि तुझ्या घरात तुझं ऐकून घेतलं जातंय, हे मला फार मोलाचं वाटतं. म्हणून मी पायांचं राहू देते आणि अंथरूण कुणाचं आहे ते बघते.

आधी हिशेब. तुझ्या पत्रात 75 लाखांचा आकडा आहे, हप्त्याचा कुठेच नाही. मामांनीही तो काढलेला दिसत नाही. व्याज साडेदहा टक्के धरू. निम्मी रक्कम सुरुवातीला उचललीस, निम्मी वर्षाने. शिक्षणाची दोन वर्षं आणि वर नोकरी शोधायला सहा महिने हप्ता नाही, पण व्याजाचं मीटर चालूच. या अडीच वर्षांत पावणेसोळा लाख व्याज साचतं. म्हणजे फेड सुरू होते तेव्हा कर्ज 75 चं नसतं, जवळपास 91 लाखांचं असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता 1 लाख 22 हजारांच्या वर. एकूण भरणा 1 कोटी 47 लाखांच्या आसपास. मुदत पंधरा वर्षं केलीस तर हप्ता लाखावर येतो आणि भरणा 1 कोटी 80 लाखांवर जातो. शिवाय दुसऱ्या वर्षाची फी भरायची वेळ येईल तेव्हा डॉलर कुठे असेल ते आपल्या हातात नाही. 40 हजार डॉलर पाठवायचे असतील, तर डॉलर रुपयाने वाढला की तुझे 40 हजार रुपये गेले.

कुणीतरी सांगेल, कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट आहे. आहे. आठ वर्षं मिळते. पण ती जुन्या कररचनेत, आणि कर भरणाऱ्याला. बाबांचं उत्पन्न शेतीचं, त्यावर आयकरच नाही. त्यांनी हप्ते भरले तर सूट कशातून मिळणार?

आता हा हप्ता कुठल्या पगारासमोर ठेवायचा? मामा तो कॅलिफोर्नियाच्या पगारासमोर ठेवतात, म्हणून त्यांना तो किरकोळ वाटतो. मी तो अंबडच्या पगारासमोर ठेवते. तुझ्या आजच्या पगाराच्या तिपटीहून जास्त! परत आल्यावर पगार 38 हजार राहणार नाही हे मलाही कळतं. दुप्पट-अडीचपट धर. तरी तो हप्त्याला पुरत नाही, जेवण तर लांबच.

परत यावंच लागेल असं मी म्हणत नाही. पण यावं लागू शकतं, आणि त्यात विद्यापीठाच्या नावाचा काही संबंध नसतो. तुझ्या शाखेला पदवीनंतर 12 महिने आणि वर 24 महिने, अशी तीन वर्षं तिथे काम करायची मुभा आहे. ती दोन्हीकडून सारखीच. पुढे एच-वन-बी, म्हणजे तिथला नोकरीचा व्हिसा. वर्षाला 65 हजार, आणि तिथली मास्टर्स असलेल्यांसाठी आणखी 20 हजार. त्या वीस हजारांत तुझ्या दोन्ही पदव्यांना सारखाच प्रवेश, नावाला जादा गुण नाहीत. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या अर्जांवर 1 लाख डॉलर शुल्काचा फतवा निघाला, मग तो कुणाला लागू आणि कुणाला नाही याचे खुलासे निघत राहिले. ज्या देशाचे नियम एका रात्रीत असे फिरतात, तिथल्या पगाराच्या भरवशावर आडगावचा प्लॉट ठेवायचा का?

बँक बाग घेत नाही, असं तू जरा तक्रारीच्या सुरात लिहिलंयस. अगं, ते तुमचं नशीब समज. 2002 च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. थकबाकी झाली तर त्या कायद्याने बँकेला शेतीवर हात टाकता येत नाही, म्हणून तिला शेती तारण नको असते. एनए प्लॉट मात्र त्या कायद्यात नीट बसतो. बाबा कर्जाला सहअर्जदार असतील. त्यांच्या नावावर सोसायटीचं पीककर्ज असेलच. अकरावीतला भाऊ दोन वर्षांनी कुठे जाईल, त्यालाही कर्ज लागेल का, तेव्हा बाबांच्या नावावर बँक आणखी किती देईल? त्या प्लॉटच्या उताऱ्यावर भावाचं नाव नसेल, पण उद्याचा वाटा त्याचाही, आणि त्याचं मत तुझ्या पत्रात एका ओळीनेही नाही.

एक घरातली गोष्ट सांगते. माझ्या दिरांचा मुलगा असाच मोठ्या नावाच्या मागे गेला. विद्यापीठ खरंच मोठं होतं, त्यात खोट नाही. इंदिरानगरचा फ्लॅट बँकेकडे ठेवला. तो पास होऊन बाहेर पडला 2009 च्या मध्यावर. आदल्या सप्टेंबरात लेहमन ही बडी अमेरिकी बँक बुडाली होती आणि नोकऱ्या कुठेच नव्हत्या. सात महिने गेले. मग एका सॉफ्टवेअर कंत्राटदाराकडे मिळेल ते काम धरलं. पुढे त्याला मनासारख्या जागी, एका लहान संशोधन गटात बोलावणं आलं. पगार तिथे कमी होता. तो फोनवर म्हणाला, ‘काकू, मला जायचंय, पण हप्ता जाऊ देत नाही.’ त्याने ती जागा सोडली.

2018 मध्ये फ्लॅट सुटला. दिरांनी कागद घरी आणले, जेवणाच्या टेबलावर मांडले आणि आम्ही सगळे भोवती उभे. इंडेक्स टूच्या कोपऱ्यातली पिन गंजली होती. तिचा तपकिरी डाग आतल्या चार पानांवर उमटला होता. दीर तो डाग अंगठ्याने पुसत होते. जाऊबाई म्हणाल्या, ‘राहू द्या, फाटेल.’ पोरगा आज उत्तम आहे. न्यू जर्सीत घर आहे, मुलं आहेत. त्याचं वाटोळं झालं असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. पण नऊ वर्षं त्याने कुठे काम करायचं ते त्याने ठरवलं नाही, त्या हप्त्याने ठरवलं. लोक म्हणतात मोठं नाव दारं उघडतं. उघडतंही. त्याच्यासाठी एक दार उघडलं आणि कर्जाने ते लावून घेतलं.

आता त्या यादीकडे येऊ. चारशे हा आकडा तुला बोचतोय. तू बहुधा क्यूएस या संस्थेची जागतिक यादी पाहिलीस. तिच्यात गुण कसे देतात ठाऊक आहे? 30 टक्के गुण जगभरच्या प्राध्यापकांना ‘तुमच्या मते चांगली कोणती’ असं विचारून, आणि 15 टक्के कंपन्यांना तेच विचारून. म्हणजे 45 टक्के निव्वळ ख्याती. ज्याचं नाव आहे त्याचं नाव होतं. उरलेल्यात संशोधनाचे संदर्भ, शिक्षक-विद्यार्थी प्रमाण, परदेशी किती, वगैरे. आणि हे सगळं अख्ख्या विद्यापीठाचं, त्यात वैद्यक आलं, इतिहास आला, कायदाही आला. तुझ्या हाय व्होल्टेज लॅबबद्दल ती यादी एक अक्षर बोलत नाही.

तुझं दुसरं विद्यापीठ कुठल्या जातकुळीचं आहे ते मी तुला सांगते, कारण मामांना ते माहीत नसणार. तू नाव कळवलंस (इथे छापत नाही), ते ‘लँड ग्रँट’ विद्यापीठ आहे. 1862 मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, लिंकनने मॉरिल कायद्यावर सही केली. सरकारी जमिनी राज्यांना द्यायच्या आणि त्या विकून आलेल्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढायची. शेतकऱ्या-कामगारांच्या पोरांसाठी. ट्रान्झिस्टरच्या तीन जनकांपैकी जॉन बार्डीन अशाच एका, विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात इलेक्ट्रिकल शिकला, मास्टर्सही तिथेच. फिजिक्सचं नोबेल दोनदा मिळवणारा तो एकटाच, 1956 आणि 1972. आयोवा स्टेटमध्ये अटानासॉफने 1939 ते 42 च्या दरम्यान इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र बांधलं, तेही असंच शेतकी कॉलेज म्हणून निघालेलं. द्राक्षवाल्याची लेक अशा ठिकाणी शिकायला गेली तर त्यात ‘खालचं’ काय?

अर्थात बार्डीन तिथे शिकला म्हणून तूही बार्डीन होशील, असलं काही मी म्हणत नाही. आणि नाव कुचकामी असतं असंही नाही. कायदा, मॅनेजमेंट, सल्लागार कंपन्या, या धंद्यांत नाव बघूनच दार उघडतात. तिथे मी वेगळा सल्ला दिला असता. स्विचगिअर टेस्टिंगवाल्यांना तुला आर्क इंटरप्शन (वीजप्रवाह तोडताना उठणारी ठिणगी विझवणं) कळतं का ते बघायचं असतं. तू दोन वर्षं त्यांच्यात काढली आहेस, ते तुला माझ्याहून जास्त ठाऊक.

एक अभ्यास आहे, त्याचा उल्लेख करते, कारण मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं आणि ती खोड जात नाही. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी 2002 मध्ये एक निबंध छापला. मोठ्या नावाच्या कॉलेजातली मुलं पुढे जास्त कमावतात हे सगळ्यांना दिसतंच. पण ते कॉलेजमुळे, की मुळात तशीच मुलं तिथे घेतात म्हणून? त्यांनी तुलना केली ती साधारण सारख्याच कॉलेजांनी घेतलेल्या मुलांची: काही जण मोठ्या नावाच्या जागी गेले, काही कमी नावाच्या. बहुतेकांच्या पुढच्या कमाईत फरक फारसा उरला नाही. म्हणजे मोल त्या मुलांचंच होतं. पण याच संशोधनाची दुसरी बाजू लपवली तर तो अप्रामाणिकपणा. गरीब घरच्या, आणि ज्यांचे आईबाप फार शिकलेले नाहीत अशा मुलांना मात्र मोठ्या कॉलेजाचा फायदा दिसला होता. तुझे बाबा किती शिकलेत तू लिहिलं नाहीस. शिवाय ते सगळे तिकडचे पदवीचे विद्यार्थी होते, दोन वर्षांच्या मास्टर्सचे नव्हते, आणि त्यांच्यापुढे प्लॉट गहाण टाकायचा प्रश्न नव्हता. तेव्हा यातून मी एवढंच घेते: ज्या मुलीला मोठ्या नावाने आत घेतलंय, तिची लायकी त्या होकाराने ठरून गेली. ते पत्र जपून ठेव. तिथे गेली नाहीस म्हणून ते खोटं ठरत नाही.

आता ‘पूर्ण’ या शब्दाकडे येते. इथे मी तुझ्यावर थोडी चिडले आहे. गेल्या साली व्यापाऱ्याने आठ लाख बुडवले. का? सौदा तोंडी होता, चेकवर तारीख पुढची होती, गाडी भरून गेली. हे सगळं डोळ्यांदेखत घडलेल्या घरातली मुलगी ‘फी पूर्ण माफ’ एवढ्यावर विश्वास ठेवते?

ते ऑफर लेटर पुन्हा काढ. बघ, मदत एका वर्षाची आहे की दोन वर्षांची. ‘समाधानकारक प्रगती आणि निधीची उपलब्धता’ अशा अर्थाची ओळ सापडेलच. निधीची उपलब्धता म्हणजे प्राध्यापकांचं अनुदान संपलं तर काय, हे त्या प्राध्यापकांना विचार. सरळ, लाजू नकोस, ते रोज असल्या मेल वाचतात. गुण किती खाली गेले की मदत थांबते? फी माफ म्हणजे शिकवणी माफ, पण सक्तीची वेगळी शुल्कं असतात, आरोग्यविमा असतो, तो कोण भरतं? 1,900 डॉलर नऊ महिने की बारा? बहुधा नऊ. मग उन्हाळ्याचे तीन महिने काय खाणार? एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांचीच परवानगी असते, आणि तुझे वीस तर लॅबमध्येच भरले. वरून कॅन्टीनमध्ये काम करून भागवीन, हा मार्ग बंद. हातात 1,900 पूर्ण येणार नाहीत, कर आहे. मात्र भारत-अमेरिका करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना तिथली स्टँडर्ड डिडक्शन घेता येते, जी परदेशी विद्यार्थ्यांना एरवी मिळत नाही. त्यामुळे केंद्राचा कर फार उरत नाही, राज्याचा वेगळा.

माझी एक विद्यार्थिनी, सिन्नरकडची, अशीच ‘फुल स्कॉलरशिप’वर गेली. दुसऱ्या वर्षी कळलं, ती पहिल्याच वर्षापुरती होती. पत्रात तसं लिहिलेलं होतं, तिसऱ्या पानावर. तिने रडून मला फोन केला, तेव्हा मी ते पत्र मागवून वाचलं. आधी वाचलं असतं तर!

दहा दिवसांच्या मुदतीचं. अमेरिकेतल्या ग्रॅज्युएट स्कूल्सच्या परिषदेचा एक जुना ठराव आहे आणि बरीच विद्यापीठं त्यावर सही करून आहेत. आर्थिक मदतीसह प्रवेश दिला, तर विद्यार्थ्याने 15 एप्रिलच्या आत उत्तर द्यायलाच हवं असं बंधन घालायचं नाही. तुझं विद्यापीठ त्या यादीत आहे का बघ, परिषदेच्या संकेतस्थळावर ती मिळते. असेल तर नम्रपणे लिही: मला आनंद झालाय, काही बाबी समजून घ्यायच्या आहेत, 15 एप्रिलपर्यंत निर्णय कळवते. आपल्याकडे ‘मुदत वाढवून मागितली तर दिलेलं काढून घेतील’ अशी धास्ती असते. मेल नीट असेल तर कुणी काढून घेत नाही.

मिळालेल्या दिवसांत त्या लॅबची चौकशी कर. प्राध्यापकांनी सुचवलेल्या विद्यार्थ्याशी बोलच, पण त्यांनी न सुचवलेल्या एकाशीही बोल. आधीची मुलं दोन वर्षांत सुटली की तीन लागली, थीसिस आहे का, टेस्टिंगचं सामान चालू आहे की झाकून ठेवलंय, बाहेर पडलेली कुठे आहेत. बाबांनी बाग लावली तेव्हा आधी डॉगरिजचा खुंट, म्हणजे मुळांपुरतं रोप, लावला असेल आणि मागाहून त्यावर थॉम्पसन जातीच्या द्राक्षाची काडी भरली असेल. पाणी तुटलं, जमिनीत क्षार वाढले, तर बाग त्या खुंटाच्या जिवावर तगते. पेटीवर नाव थॉम्पसनचं छापतात. खुंट कसा पारखायचा ते बाबांना विचार, त्यांना लॅबमधलं कळलं नाही तरी काय विचारायचं ते नेमकं सुचेल.

पहिल्या विद्यापीठालाही एक मेल टाक. दुसरीकडून पूर्ण मदत आहे, तुमच्याकडे यायची इच्छा आहे, काही करता येईल का? बहुधा नाही म्हणतील, अशा अभ्यासक्रमांत मदत क्वचितच असते. पण न विचारताच नाही समजून बसू नकोस. त्यांनी निम्मी फी सोडली तर मला पुन्हा लिही, मग गणित वेगळं मांडू.

आणि दुसरीकडची चौकशी कच्ची निघाली, मदत एकाच वर्षाची ठरली, तर? तर दोन्हीला नकार देऊन आणखी एक वर्ष अंबडला काढलंस तरी आकाश कोसळत नाही. तू चोवीसची असशील.

मदतीवर गेलीस तरी पाच-सहा लाख हाताशी हवेत. व्हिसाचे 185 डॉलर, सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे 350, तिकीट, खोलीचं डिपॉझिट, पहिला पगार हातात येईपर्यंतचे दीड-दोन महिने, तो उन्हाळा. बाबांच्या 20 लाखांतून ते निघतात. त्यांना हात लावायचा नसेल तर इंडियन बँक्स असोसिएशनच्या नमुना योजनेप्रमाणे साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला स्थावर तारण मागत नाहीत, फार तर जामीन मागतात. मामांना एवढा उत्साह आहे, तर जामीन म्हणून सही करतील का विचार. (गंमत नाही करत. खरंच विचार. उत्तर ऐकण्यासारखं असेल.)

राहिली चुटपुट. पत्रात तू ‘खरं सांगायचं तर’ म्हणून दबकत लिहिलंस की तुला ते नाव हवंय. त्यात लाजायचं काही नाही. खेड्यातून रोज दुचाकीवर अंबडला जाणाऱ्या मुलीला असं नाव छातीवर लावून मिरवावंसं वाटलं, तर तिचं चुकलं कुठे? चुटपुट लागणार आहे. लागेल. कुणी त्या विद्यापीठाचा टी-शर्ट घालून दिसेल तेव्हा पोटात काहीतरी हलेल. मला अजूनही मुंबईला गेले की त्या कॉलेजच्या फाटकासमोरून जायला आवडत नाही, आणि मी आता आजी झालेय. पण माझी चुटपुट ठसठसते, कारण निर्णय माझा नव्हता. तुझा तुझा असेल. तेवढी तू सोसशील. 2029 च्या अवकाळीत बाग गेली, बाबांचा फोन आला आणि ‘हप्त्याचं मी बघतो’ असं ते त्याच आवाजात म्हणाले, तर ते तुला सोसेल का, ते बघ.

मामांना सांगायचं अवघड जाईल. कारणं देत बसू नकोस. हप्त्याचा आकडा एका कागदावर लिही आणि कागद त्यांच्यापुढे सरकव. लग्नाच्या बायोडेटात नाव उठून दिसतं असंही एखादा नातेवाईक म्हणेलच. त्याला म्हणावं, बायोडेटात कर्जाची रक्कमही लिहू का?

भावाशी आज रात्रीच बोल. आणि बाबा सध्या माल उतरवण्याच्या गडबडीत असतील, तरी त्यांना तेवढं सांग, की काढून आणलेला उतारा आत्ता कपाटात ठेवून द्या. आधी मेलचं उत्तर येऊ दे.

– तुझी मावशी